उचलायचे की भरायचे? ह्यूस्टनमध्ये सुरू झालेल्या एका प्रश्नाचा इतिहास

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे काहीजण म्हणतील. म्हणू द्यात. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या तीन-चार जणींनी मला कार्यक्रमात बाजूला घेऊन, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे पाहून, एकच प्रश्न विचारला आहे: "मॅडम, ब्रेस्ट लिफ्ट करावी की इम्प्लांट?" माझी डॉक्टरकी पीएच.डी.ची. नाडी बघायला मला येत नाही. पण वैद्यकाचा इतिहास मी आयुष्यभर शिकवला आणि या प्रश्नाचा इतिहास आपल्या याच शहरातून जातो, म्हणून लिहिते आहे. ज्या मुलींना मराठी वाचायला जड जाते त्यांना आईने वाचून दाखवावे. मुलींच्या निमित्ताने आईचेही वाचून होईल.

अॅलन पार्कवेवरून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. बफेलो बायूच्या काठी आज जिथे फेडरल रिझर्व्ह बँकेची इमारत उभी आहे, तिथे पूर्वी जेफरसन डेव्हिस हॉस्पिटल होते. (एल्डर स्ट्रीटवरची, आता कलाकार राहतात ती इमारत याच नावाच्या आधीच्या हॉस्पिटलची. ती वेगळी.) गरिबांसाठी चालवलेले हे सरकारी इस्पितळ. १९६२ च्या वसंतात इथे जगातले पहिले सिलिकॉनचे ब्रेस्ट इम्प्लांट एका बाईला बसवले गेले. त्या दिवसाकडे येण्याआधी मात्र तुम्हाला थोडे मागे, पुण्यापर्यंत न्यावे लागेल.

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र चित्रासह छापून आले. कावसजी नावाचा, इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक माणूस टिपूच्या कैदेत सापडला होता आणि तिथे त्याचे नाक कापले गेले होते. पुण्याजवळ एका देशी वैद्याने त्याच्या कपाळावरची कातडी उतरवून नवे नाक करून दिले. इंग्रजी वृत्तांतात तो वैद्य वीट पाडणाऱ्यांच्या जातीचा होता असे म्हटले आहे; आपल्याकडे तो कुंभार म्हणून सांगितला जातो. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. इंग्रजी पत्रात साहेबांची नावे राहिली, करणाऱ्याचे गेले. ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये ती शस्त्रक्रिया केली, आणि पुढे युरोपात या विद्येने मूळ धरले.

या गोष्टीचा अभिमान आपण नेहमीच सांगतो. तो सांगताना त्यातली खरी युक्ती मात्र सुटून जाते. कपाळावरची कातडी त्या वैद्याने पूर्ण कापून काढली नाही. भुवयांच्या मध्ये तिचा एक देठ शिल्लक ठेवला आणि त्या देठावर ती फिरवून खाली आणली. देठातून रक्त वाहत राहिले, म्हणून कातडी जगली. माणसाचे स्वतःचेच अंग, रक्तपुरवठा न तोडता, एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे, हे झाले प्लास्टिक सर्जरीचे एक घराणे. ब्रेस्ट लिफ्ट या घराण्यातली. दुसरे घराणे बाहेरचा पदार्थ आत घालणाऱ्यांचे, आणि इम्प्लांट तिथले. दोन्ही आज एकाच दवाखान्यात, एकाच माहितीपत्रकात शेजारीशेजारी छापलेली दिसतात, त्यामुळे एकाच दुखण्यावरची ही दोन औषधे आहेत असा समज होतो. तसे ते नाही.

पहिल्या घराण्याची सुरुवात साधीच होती. १८९७ मध्ये पूसों या फ्रेंच सर्जनने ओघळलेल्या स्तनाच्या वरच्या बाजूची चंद्रकोरीच्या आकाराची कातडी व चरबी काढली आणि स्तन वर ओढून छातीच्या स्नायूवरच्या आवरणाला टाके घालून टांगला. मोडक्या खिडकीचा पडदा वर बांधावा, तसे. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत सर्जनांच्या लक्षात आले की नुसते ओढून चालत नाही. स्तनाग्रही नव्या जागी न्यावे लागते. आणि नेताना त्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते मरते. १९३० मध्ये श्वार्त्समान यांनी दाखवून दिले की स्तनाग्राभोवतीच्या त्वचेचा आतला थर राखला तर रक्त पोहोचते. पुण्याच्या त्या देठाचाच हा भाऊबंद.

मग कापायचे कसे, याचा प्रश्न. इथे मला आपल्या शिंप्यांची आठवण येते. १९५६ मध्ये रॉबर्ट वाइज या अमेरिकन सर्जनने कातडीवर आखणी करण्यासाठी एक नमुना प्रसिद्ध केला, आणि तो त्याला सुचला ब्रेसियरच्या कापडी तुकड्यांवरून. ज्यांनी घरी कटोरी ब्लाउज शिवला आहे, किंवा शिंप्याला शिवताना पाहिला आहे, त्यांना हे लगेच कळेल. सपाट कापडाला गोलाई द्यायची तर टक्स घ्यावे लागतात. जादा कापड त्या टक्सात जाते. लिफ्टमध्ये हेच कातडीचे होते. फरक एवढाच की कापडाचा टक्स आतल्या बाजूला लपतो आणि कातडीचा वण बनून दिसत राहतो. वाइजच्या नमुन्यात हा वण स्तनाग्राभोवती गोल, तिथून सरळ खाली, आणि मग खालच्या घडीत आडवा असा, उलट्या टी अक्षरासारखा येतो. पुढे लासूस आणि ब्रसेल्सच्या मादलेन लेजूर या सर्जनबाईंनी आडवा वण टाळणारी उभी पद्धत रूढ केली, तर बेनेल्ली यांनी फक्त गोल वणावर भागवणारी. वण लहान करण्यात शंभर वर्षे गेली. वणाशिवाय लिफ्ट अजून कोणाला जमलेली नाही. जाहिरातीत तसे दिसले तर पुढचे पान उलटा.

दुसऱ्या घराण्याचा आरंभ गंमतीदार आहे, कारण तो पहिल्याच घराण्यात होतो. १८९५ मध्ये हायडलबर्गच्या विन्सेंट्स चेर्नी यांनी एका रुग्णाच्या स्तनातली गाठ काढल्यावर राहिलेला खड्डा तिच्याच अंगावरच्या चरबीच्या गाठीने भरला. स्तन भरण्याची ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया, आणि ती स्वतःच्याच अंगातल्या पदार्थाने. पण चारच वर्षांत व्हिएन्नाच्या गेर्सुनी यांनी शरीरात पॅराफिन, म्हणजे मेण, टोचायची पद्धत काढली आणि लवकरच ते स्तनांतही टोचले जाऊ लागले. मेण सरकले, त्याच्या गाठी झाल्या, कातडी सडली. नंतर स्पंज आले; तेही आकसून कडक झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत पातळ सिलिकॉन थेट टोचले गेले. लास व्हेगासमध्ये त्याचे परिणाम इतके दिसले की नेव्हाडा राज्याला १९७० च्या दशकात त्यावर बंदी घालावी लागली. प्रत्येक वेळी कथा एकच: नवा पदार्थ, पहिली दोन वर्षे आनंद, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरच्या टेबलावर निस्तरणे.

आता १९६२.

फ्रँक जेरो हे तेव्हा ह्यूस्टनमध्ये प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण घेणारे तरुण डॉक्टर, आणि थॉमस क्रोनिन त्यांचे वरिष्ठ. रक्त साठवायला काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या नुकत्या आल्या होत्या. जेरो यांनी रक्ताने भरलेली पिशवी हातात दाबली आणि हा स्पर्श स्तनासारखा आहे असे त्यांना वाटले, अशी त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेली हकिकत आहे. डाऊ कॉर्निंग कंपनीच्या सिलिकॉनचे कवच आणि आत सिलिकॉनचाच जेल, असे इम्प्लांट तयार झाले. आधी ते एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीला बसवले. ती टाके कुरतडायला लागली म्हणून दोन-एक आठवड्यांत काढले, आणि प्रयोग यशस्वी झाला असे ठरले! आजच्या नियमांत एवढ्या चाचणीवर डोकेदुखीची गोळीसुद्धा बाजारात येणार नाही.

मग आली टिमी जीन लिंडसे. तिशीच्या आसपासची, घटस्फोटित, सहा मुलांची आई, कारखान्यात काम करणारी. ती हॉस्पिटलमध्ये गेली होती छातीवरचे गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनी तिला विचारले, तुला इम्प्लांट बसवून घ्यायचे आहे का? तिच्या मनात तसे काही नव्हते. तिला डाचत होते ते तिचे पुढे आलेले कान. तिने पुढे अनेक मुलाखतींत हे हसत सांगितले आहे. शेवटी सौदा ठरला: डॉक्टर कान नीट करून देतील आणि ती इम्प्लांट बसवून घेईल.

वाचकहो, इथे जरा थांबा. सहा बाळंतपणे झालेली बाई आज एखाद्या चांगल्या सर्जनकडे गेली, तर तो आधी तिला उभी करील, मोजमाप घेईल आणि प्रश्न जागेचा आहे की भरावाचा, हे ठरवील. लिंडसेला विचारले गेले ते इम्प्लांटबद्दल, कारण त्या वेळी त्या डॉक्टरांच्या हातात नवे साधन होते आणि त्यांना ते घालायला कोणीतरी हवे होते. तिला वाईट वागवले असे ती कधी म्हणाली नाही, आणि ते इम्प्लांट तिने पुढे पन्नास वर्षांहून जास्त काळ अंगात बाळगले. पण हा सौदा ज्या क्रमाने झाला, तोच क्रम पुढे या धंद्यात पडून गेला. आधी वस्तू, मग तिच्यासाठी गरज.

१९६३ मध्ये क्रोनिन आणि जेरो यांनी वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आपले काम मांडले आणि इम्प्लांट जगभर गेले. कारणे समजण्यासारखी आहेत. लिफ्टला वेळ लागतो, हातात कला लागते, वण दिसतात. इम्प्लांटला छोटी चीर पुरते आणि परिणाम टेबलावरच दिसतो. शिवाय लिफ्ट कोणी कारखान्यात बनवून विकू शकत नाही, त्यामुळे तिची जाहिरात करणारा कोणी नसतो. इम्प्लांटमागे कंपन्या होत्या. १९८२ मध्ये तर अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने सरकारपुढे लेखी म्हणणे मांडले की लहान स्तन असणे हा एक आजारच आहे. मी हे वर्गात सांगितले की मुले हसायची आणि मुली हसायच्या नाहीत.

दरम्यान मॉन्ट्रियलच्या पोल रेन्यो या सर्जनबाईंनी १९७६ मध्ये एक साधी गोष्ट केली, जिचे मोल मला कोणत्याही इम्प्लांटपेक्षा जास्त वाटते. ओघळ किती आहे हे मोजायची पट्टी त्यांनी दिली. ब्राची खालची तार जिथे बसते त्या घडीच्या पातळीवर स्तनाग्र असेल तर पहिली पायरी. घडीच्या खाली उतरले असेल तर दुसरी. आणि स्तनाच्या अगदी तळाशी जाऊन जमिनीकडे पाहत असेल तर तिसरी. स्तनाग्र वरच असून खालचा भाग तेवढा लोंबत असेल तर तो खरा ओघळ नव्हे, त्याचे नाव वेगळे. ही पट्टी आजही जगभर वापरली जाते आणि आरशासमोर उभे राहून कोणीही स्वतः लावून पाहू शकते.

ही पट्टी लावली की आपला मूळचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. इम्प्लांट भर घालते, विशेषतः वरच्या अर्ध्या भागात. स्तनाग्र ते फारसे हलवू शकत नाही. ओघळ अगदी थोडा असेल तर भर घातल्याने तो झाकला जातो. जास्त असेल तर मोठे इम्प्लांट घालून कातडी ताणण्याचा मोह होतो, आणि त्या वजनाने काही वर्षांत सगळे आणखी खाली येते. उलट लिफ्ट जागा आणि आकार बदलते, पण पदार्थ वाढवत नाही. दोन मुलांना पाजून झाल्यावर वरचा भाग रिकामा झाला असेल तर नुसत्या लिफ्टने तो कायमचा भरलेला राहत नाही. हे न सांगता केलेल्या लिफ्टवर नाराज झालेल्या बायका थोड्या नाहीत. आणि लिफ्ट म्हणजे अमरपट्टा नव्हे. वजन कमी-जास्त झाले, पुन्हा बाळंतपण झाले, वय वाढले की कातडी आपल्या चालीने सैल होतेच. म्हणूनच पाळणा थांबल्यावर आणि वजन स्थिरावल्यावर हा विचार करावा, असे सर्जन सांगतात.

"मग दोन्ही एकदम करून टाकू," असे एकीने मला म्हटले. होते तसेही, १९६० च्या दशकापासून करतात. पण त्यात एक विसंगती आहे. लिफ्ट कातडी आवळते आणि इम्प्लांट तीच कातडी आतून ताणते. टाक्यांवर ताण येतो, रक्तपुरवठा कमी पडू शकतो. स्कॉट स्पिअर या नामवंत अमेरिकन सर्जनने २००३ मध्ये आपल्याच व्यवसायबंधूंना या जोडशस्त्रक्रियेबद्दल सावध राहायला सांगितले होते. काही सर्जन म्हणून दोन टप्प्यांत करतात. कोणी दोन्ही एकाच दिवशी, कमी पैशांत देऊ म्हणत असेल तर कारण विचारा.

इम्प्लांटच्या सुरक्षिततेचा इतिहास तुमच्यातल्या पहिल्या पिढीने इथल्या बातम्यांत पाहिला असेल. वैद्यकीय उपकरणांवर एफडीएचा अधिकार चालू झाला १९७६ मध्ये, आणि तेव्हा बाजारात असलेली इम्प्लांट्स तशीच चालू राहिली. कंपन्यांकडे सुरक्षिततेचा पुरावा मागितला गेला तो पंधरा वर्षांनी. १९९२ च्या जानेवारीत एफडीएचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी सिलिकॉन इम्प्लांट्स थांबवली. नंतर ती मुख्यतः कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेपुरती ठेवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ह्यूस्टनच्या ज्युरीने एका बाईला अडीच कोटी डॉलरची भरपाई दिली. १९९५ मध्ये डाऊ कॉर्निंगने दिवाळखोरी जाहीर केली. १९९९ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळा पुरावा तपासून सांगितले की संधिवातासारख्या सर्वांगी रोगांशी संबंध सिद्ध होत नाही. खरा त्रास जागच्या जागचा आहे. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करते ते आवळून कडक होणे, इम्प्लांट फुटणे, पुन्हा शस्त्रक्रिया लागणे. २००६ मध्ये सिलिकॉन परत आले, सौंदर्यासाठी २२ वर्षांवरच्या स्त्रियांना. फ्रान्समध्ये २०१० साली पीआयपी कंपनी वैद्यकीय दर्जाचे नसलेले सिलिकॉन भरताना सापडली. २०११ पासून एका विरळ लिम्फोमाकडे एफडीए लक्ष वेधत होती. तो मुख्यतः खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांट्सशी जोडला गेला, आणि २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने तशी आपली इम्प्लांट्स बाजारातून काढून घेतली.

यातून घाबरून जाऊ नका. लाखो बायका इम्प्लांट घेऊन सुखाने नांदत आहेत. माझे म्हणणे एवढेच की इम्प्लांट ही आयुष्यभराची वस्तू नाही, आणि हे एफडीए स्वतः सांगते. सिलिकॉनचे इम्प्लांट आतल्या आत फुटले तर बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय करावे अशी शिफारस आहे. मॅमोग्राम काढतानाही इम्प्लांट आहे हे सांगून जादा छायाचित्रे घ्यावी लागतात. पस्तिसाव्या वर्षी बसवले तर पुढची चाळीस वर्षे हा हिशेब चालतो. आणि कधी ते काढावे लागले, तर मागे राहते ती ताणलेली, रिकामी कातडी. तेव्हा सर्जन काय सुचवतो? बहुतेक वेळा लिफ्ट. पहिल्या दिवशी टाळलेला प्रश्न वीस वर्षांनी, वाढलेल्या वयात, पुन्हा दारात उभा राहतो.

कर्करोगाने एक स्तन गमावलेल्या मैत्रिणींचा हिशेब वेगळा आहे. त्यांच्यासाठी इम्प्लांट हा हौसेचा विषय नव्हे. या शहरात तर त्यासाठी जगभरातून, भारतातूनही, रुग्ण येतात. इम्प्लांटने केलेली बाजू वयानुसार उतरत नाही आणि दुसरी उतरते, म्हणून अनेकींना एका बाजूला इम्प्लांट आणि दुसऱ्या बाजूला लिफ्ट लागते. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्या विमा योजना स्तन काढण्याचा खर्च देतात त्यांनी पुनर्रचनेचा आणि दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी दुसऱ्या स्तनावरच्या शस्त्रक्रियेचाही खर्च द्यावा लागतो. हे अनेकांना माहीत नसते आणि विमा कंपनी आपणहून सांगायला येत नाही. पुनर्रचना पोटाच्या किंवा पाठीच्या स्वतःच्या मांसत्वचेनेही करता येते, कधी तो जुना देठ राखून.

२०२१ च्या ऑक्टोबरपासून एफडीएने इम्प्लांटच्या माहितीपत्रकात चौकटीत ठळक इशारा छापायला लावला आणि रुग्णाबरोबर बसून एक यादी वाचल्याशिवाय, प्रत्येक मुद्द्यावर तिची सही घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असे ठरवले. लिंडसेच्या सौद्यानंतर ५९ वर्षांनी. ती यादी दवाखान्यात सहीच्या वेळी न वाचता आधी घरी आणून वाचा. लिफ्टमध्ये कोणतीही वस्तू विकली जात नाही, त्यामुळे तिच्यासाठी तशी सरकारी यादी नाही. ते प्रश्न तुम्हाला स्वतः लिहून न्यावे लागतील. माझे स्तनाग्र घडीच्या किती खाली आहे, माझ्यासमोर मोजाल का? वण नेमके कुठे येतील, आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ते जाड किंवा काळे पडण्याचा संभव किती? स्तनाग्राची संवेदना आणि पुढे मूल झाले तर पाजणे, याचे काय? तुम्ही केलेल्या लिफ्टचे एका वर्षानंतरचे फोटो दाखवाल का? तीन महिन्यांचे नकोत. आणि इम्प्लांट सुचवले गेले, तर नुसत्या लिफ्टने माझे काम का भागणार नाही?